‘आधी ते बरं करून या’

समजा, तिशीतली एक बाई आहे. रात्री अकराच्या सुमाराला ती फोनवर बोलत असते आणि पलीकडचा माणूस ‘दमलोय, उद्या बोलू’ म्हणून फोन ठेवतो. झालं एवढंच. पण तिच्या पोटात खड्डा पडतो. ‘उद्या’ हा शब्द तिला ‘आता संपलं’ असा ऐकू येतो. पावणेबाराला ती स्वयंपाकघरात उभी असते, दिवा न लावता, फ्रिजच्या उजेडात. पुढची वीस मिनिटं ती हाताला लागेल ते खात सुटते. चव कळत नाही, पोट भरलेलं कळत नाही. मग बाथरूमचं दार लावून नळ मोठा सोडायचा, म्हणजे उलटीचा आवाज बाहेर जात नाही. साडेबाराला सगळं शांत. डोक्यातला गलका थांबलेला असतो, आणि आता लाज वाटायला लागते.

हा आजार कोणता?

खाण्याच्या विकारांवर काम करणारा डॉक्टर म्हणेल, बुलिमिया. व्यक्तिमत्त्वाच्या विकारांवर काम करणारा फोनपासून सुरुवात करेल आणि म्हणेल, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे बीपीडी. दोघांचंही खरं असू शकतं. बुलिमियाचं निदान झालेल्या बायकांपैकी साधारण चारातल्या एकीला बीपीडीही असतो, असं बरेच अभ्यास जमेस धरल्यावर दिसतं. उपाशी राहणं आणि उलट्या काढणं असं दोन्ही ज्यांच्यात आहे त्या अ‍ॅनोरेक्सियात प्रमाण जवळपास तेवढंच. नुसतं खाणं तोडत जाणाऱ्यांच्यात बरंच कमी. म्हणजे ही जोडी विरळा नाही. तरीही या दोन आजारांचे दवाखाने वेगळे, तज्ज्ञ वेगळे, वेटिंग लिस्ट वेगळ्या. अशा बायकांच्या उपचारांच्या कहाण्यांमध्ये एक वाक्य हमखास येतं, दोन्ही दारांवर ऐकलेलं: ‘आधी ते बरं करून या, मग आपण हे बघू.’

थोडं नावांबद्दल

खाण्याच्या विकारांची ओळख आता बऱ्याच जणांना असते. अ‍ॅनोरेक्सियात माणूस खाणं तोडत जातो आणि वजन धोकादायक उतरलं तरी त्याला ते जास्तच वाटतं. बुलिमियात अनावर खाणं आणि मग ते ‘फेडणं’ असं चक्र असतं: उलटी, जुलाबाची औषधं, उपास, बेसुमार व्यायाम. बिंज ईटिंगमध्ये अनावर खाणं असतं, फेडणं नसतं. अ‍ॅनोरेक्सियाचं नाव 1870च्या दशकातलं, बुलिमियाचं वर्णन जेराल्ड रसेल या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञानं 1979मध्ये केलं, आणि बिंज ईटिंगला अमेरिकी निदानपुस्तिकेत स्वतःची जागा मिळायला 2013 उजाडलं.

बीपीडीचं नाव मात्र डोक्याला ताप आहे. ‘बॉर्डरलाइन’ म्हटलं की आपल्याला शुगरचा रिपोर्ट आठवतो: अजून झालेलं नाही, काठावर आहे, जरा सांभाळा. इथे तसं काही नाही. 1938मध्ये अडॉल्फ स्टर्न या मनोविश्लेषकानं हा शब्द वापरला तो अशा रुग्णांसाठी, जे त्या काळच्या दोन मोठ्या कप्प्यांपैकी, न्यूरोसिस (चिंता, भीती असे त्रास) आणि सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) यांपैकी, कुठल्याच कप्प्यात नीट बसत नव्हते. म्हणून सीमारेषेवरचे. ती कप्प्यांची मांडणी केव्हाच मोडीत निघाली, नाव राहिलं. 1980मध्ये ते अमेरिकी निदानपुस्तिकेत अधिकृत झालं.

त्या पुस्तिकेत नऊ लक्षणं दिली आहेत आणि त्यातली कोणतीही पाच असली की निदान होतं. जवळचं माणूस सोडून जाईल ही जिवाच्या आकांताची भीती, नात्यांमध्ये आज देव आणि उद्या दगड, आपण कोण हेच नीट न कळणं, तासातासाला पालटणारी मनःस्थिती, सततचं आतलं रितेपण, न आवरणारा राग, स्वतःला इजा करणं किंवा मरणाच्या धमक्या आणि प्रयत्न, आवेगात केलेल्या गोष्टी, आणि ताणाखाली काही वेळ सगळं खोटं वाटणं किंवा सगळे आपल्यावर उठलेत असं वाटणं. नवातून पाच किंवा जास्त निवडायच्या तर 256 जुळण्या होतात. म्हणजे एकच निदान असलेल्या दोन बायकांमध्ये फक्त एक लक्षण समान असू शकतं. ‘बीपीडीवाल्या अशाच असतात’ असं कोणी छातीठोकपणे म्हणालं की मला हा हिशेब आठवतो.

‘आवेगात केलेल्या गोष्टीं’ची जी उदाहरणं त्या पुस्तिकेत दिली आहेत, त्यात अनावर खाणंही आहे. म्हणजे फ्रिजसमोरची ती वीस मिनिटं दोन्ही निदानांच्या खात्यात जमा होतात. कागदावर दोन आजार. प्रत्यक्षात एकच बाई, एकच रात्र.

खाणं हे काम करतं म्हणून

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, प्रश्न अन्नाचा आहे किंवा दिसण्याचा आहे. काही जणींच्या बाबतीत सुरुवात तिथून होतेही. पण भावना ज्यांच्यात फार वेगानं उसळतात आणि फार हळू ओसरतात, त्यांच्यासाठी खाणं, न खाणं आणि उलटी ही तीनही औषधं ठरतात. खात असताना डोक्यातला विचार थांबतो. उलटीनंतर शरीर गळून जातं आणि काही वेळ तरी बरं वाटतं. आणि सलग उपाशी राहिलं की भावनाच बोथट होतात. राग नाही, दुःख नाही, फक्त आकडे. या गोष्टी काम करतात, म्हणून तर सुटत नाहीत. ज्या उपचारात हे कबूल केलं जात नाही, तिथे ती बाई फार दिवस टिकत नाही.

भावना इतक्या का उसळतात, यावर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांची मांडणी आज बरीच वापरली जाते. त्यांच्या मते दोन गोष्टी एकत्र येतात. एक, जन्मतः हळवी मज्जासंस्था. दुसरी, असं भोवताल जिथे ‘एवढं काय त्यात’, ‘तुझं आपलं काहीतरीच’ हे वारंवार ऐकावं लागतं. हळूहळू मूल शिकतं की साधं सांगितलं तर कोणी ऐकत नाही, टोकाला गेलं तरच लोक वळून बघतात. आणि आपल्याला जे वाटतं त्यावर आपणच विश्वास ठेवायचा नसतो. अनेकींच्या बाबतीत लहानपणी अत्याचार किंवा हेळसांड झालेली असते. अनेकींच्या बाबतीत तसं काहीच नसतं, आणि त्यांना वर आणखी अपराधी वाटतं की माझ्याकडे तर कारणही नाही.

आता एक अडचण, जी तज्ज्ञांनाही चकवते. 1944 ते 1945 या काळात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुण पुरुषांवर एक प्रयोग केला. ते स्वेच्छेनं आले होते. युद्धानंतर उपासमार झालेल्या लोकांना परत कसं खाऊ घालायचं हे शिकण्यासाठी सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं. वजन तर उतरलंच. पण निवडून घेतलेली, मनानं खंबीर अशी ही माणसं चिडखोर झाली, उदास झाली, एकेकटी राहू लागली, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली. पोटभर खायची मुभा मिळाल्यावर काहींचा खाण्यावरचा ताबाच सुटला. यांच्यातल्या कोणालाही आधी कसलाच विकार नव्हता. उपासमारीनं तो घडवला.

म्हणून महिनोन्‌महिने उपाशी असलेल्या बाईच्या स्वभावाचं निदान करणं म्हणजे फणफणत्या तापात बडबडणाऱ्या माणसावरून त्याचा स्वभाव ठरवणं. आधी पोटात अन्न जाऊ दे, मग बघू, हे म्हणण्यात शहाणपण आहे. पण याच शहाणपणाची दुसरी बाजू वाईट आहे. ‘खायला लागली की सगळं सुरळीत होईल’ असं म्हणत वर्षं निघून जातात, वजन येतं-जातं, आणि ते ‘सगळं’ तसंच राहतं. काही बायका सांगतात की बीपीडी हा शब्द ऐकल्यावर सुटल्यासारखं वाटलं, कारण पहिल्यांदाच कोणी फ्रिजच्या आधीच्या पाऊण तासाबद्दल बोललं. काही सांगतात की त्या शब्दानंतर त्यांचं कोणी ऐकेनासं झालं. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच बाईच्या बाबतीत होऊ शकतं.

टोलवाटोलवी

खाण्याच्या विकारांच्या दवाखान्यात प्रवेशाच्या अटी असतात. स्वतःला इजा करणं काही आठवडे थांबलेलं असलं पाहिजे, ही एक नेहमीची अट. व्यक्तिमत्त्व विकारांच्या टीमची अट उलटी: शरीर थेरपीला बसण्याइतकं सावरलेलं असलं पाहिजे, उलट्या आटोक्यात असल्या पाहिजेत. प्रत्येक अट सुटी घेतली तर वाजवी आहे. दोन्ही शेजारी ठेवल्या की त्या बाईसाठी एकही दार उरत नाही.

त्यात वजनाचा आकडा. बुलिमियात वजन बहुतेक वेळा सर्वसाधारण असतं. ‘तुम्ही तर छान दिसताय’ हे वाक्य कौतुकानं म्हटलं जातं, आणि ती घरी जाताना त्याचा अर्थ लावते: मी पुरेशी आजारी नाही, अजून बिघडले की घेतील. ‘लायक’ ठरण्यासाठी आणखी खाणं तोडल्याचं सांगणाऱ्या बायका आहेत. आणि वजनावर भरवसा ठेवणं हे वैद्यकीयदृष्ट्याही धोक्याचं. वारंवार उलट्या आणि जुलाबाच्या औषधांनी रक्तातलं पोटॅशियम घसरतं, त्यानं हृदयाचे ठोके बिघडतात, आणि हे बाहेरून दिसत नाही. रक्ततपासणी आणि ईसीजीत दिसतं. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, हातापायातलं बळ जाणं असं काही असेल तर वाट बघत बसायचं नाही. त्या दिवशीच डॉक्टर. वजन कितीही असो.

लेबल लागल्यावर

1988मध्ये लुइस आणि अ‍ॅपलबी या दोन ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी एक साधा प्रयोग केला. आपल्याच पेशातल्या लोकांना एका रुग्णाची हकीकत वाचायला दिली. काहींच्या प्रतीत मागे कधी तरी व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान झाल्याचं लिहिलं होतं, काहींच्या प्रतीत नव्हतं. बाकी मजकूर तोच. ज्यांनी ते निदान वाचलं त्यांना रुग्ण जास्त त्रासदायक, लक्ष वेधून घेणारा आणि उपचारांना कमी पात्र वाटला. या गोष्टीला आता बराच काळ लोटला आहे आणि परिस्थिती सुधारली आहे, पण अशा बायकांशी बोललं तर तो प्रयोग जुना वाटत नाही.

गंमत बघा, गंमत म्हणायची तर. अ‍ॅनोरेक्सिया असलेली मुलगी रुमालात घास लपवते तेव्हा नर्स म्हणते, ‘तिच्याकडून आजार हे करवून घेतो.’ बीपीडीची चिठ्ठी लागलेली मुलगी तोच घास तशाच रुमालात लपवते तेव्हा शेरा पडतो, ‘फसवते.’ रडली तर नाटक, गप्प बसली तर असहकार, तक्रार केली तर ‘हे बीपीडी बोलतंय’. शेवटचं सगळ्यात अवघड, कारण त्यातून बाहेर पडायला वाटच नाही. तक्रार खरी असली तरी ती लक्षणात जमा होते. आणि लहानपणापासून ‘तुझं आपलं काहीतरीच’ ऐकत आलेल्या बाईला दवाखान्यात तेच, जरा पॉलिश केलेल्या भाषेत, पुन्हा ऐकावं लागतं.

हे निदान बायकांनाच जास्त का लागतं, हाही प्रश्न आहे. दवाखान्यांमध्ये बीपीडीच्या रुग्णांत बायका साधारण तीन चतुर्थांश दिसतात. घरोघरी जाऊन केलेल्या मोठ्या पाहणीत मात्र पुरुष आणि बायका जवळपास सारखे निघाले. बायका मदत मागायला जास्त येतात हे एक कारण. रागावलेल्या पुरुषाला आणि रागावलेल्या बाईला आपण वेगवेगळी नावं देतो, हे दुसरं.

वॉर्डातले दिवस

भरती व्हावं लागलं तर दिवस ताटाभोवती फिरतो. ठरलेल्या वेळी जेवण, समोर नर्स, अमुक मिनिटांत संपवायचं. जेवणानंतर काही वेळ बाथरूमला कुलूप किंवा सोबत. ठरलेल्या दिवशी सकाळी वजन, बऱ्याच ठिकाणी काट्याकडे पाठ करून, म्हणजे आकडा दिसत नाही. फार दिवस उपाशी असलेल्यांचं खाणं सावकाश वाढवतात, कारण एकदम वाढवलं तर रक्तातलं फॉस्फेट कोसळून जिवावर बेतू शकतं.

काही जणींना या शिस्तीनं हायसं वाटतं. खायचं की नाही हा दिवसभराचा तंटा दुसऱ्या कोणीतरी डोक्यावरून उतरवून घेतलेला असतो. पण जिच्या अंगावर, जिच्या मर्जीविरुद्ध, कधी काळी दुसऱ्या कोणाची सत्ता चालली आहे, तिला बंद दार, पाळत आणि ‘खाल्ल्याशिवाय उठायचं नाही’ हे सगळं भलतीकडे घेऊन जातं. तिचा हात ताटावरून मागे येतो त्याचं कारण कॅलरी असेलच असं नाही. कोणी विचारलं तर ती सांगेल. बहुतेक वेळा चार्टवर ‘जेवण नाकारलं’ एवढंच लिहिलं जातं.

काही वॉर्डांत करारावर सही घेतात: स्वतःला इजा केली तर डिस्चार्ज. मला हे कधी पटलेलं नाही. दम्याच्या रुग्णाला धाप लागली म्हणून घरी पाठवण्यातला हा प्रकार. कर्मचाऱ्यांची बाजूही ऐकायला हवी: वॉर्डात एकीनं केलं की दुसऱ्या दोघी करतात, रात्रपाळीला माणसं अपुरी असतात, कोणाच्या जिवाला काही झालं तर जबाबदार कोण. ही भीती खोटी नाही. पण त्या भीतीवरचा उपाय म्हणून जिला सोडून दिलं जाण्याचीच भीती आहे तिला सोडून देणं, यात आजाराची बाजू पक्की होते.

आणि एक गोष्ट, जी घरच्यांना कोणी आधी सांगत नाही. काही आठवड्यांनी खाणं सुरळीत होतं. वजन वर, चार्ट सुंदर, डॉक्टर खूश, घरी सगळे सुटकेचा श्वास टाकतात. नेमकी तेव्हा ती सगळ्यात वाईट अवस्थेत असते. उपासमारीनं आणि उलट्यांनी जे सुन्न करून ठेवलं होतं ते सगळं जागं होतं, आणि हातातलं औषध तर काढून घेतलेलं. एकीकडे दाबलं की दुसरीकडे वर येतं: स्वतःला इजा, दारू, बेफाम खर्च. बाहेरून हे ‘पुन्हा बिघडली’ असं दिसतं. आतून ते भूल उतरल्यासारखं असतं. ज्या टीमला हे ठाऊक असतं ती त्या आठवड्यांत भेटी वाढवते. ज्यांना नसतं ते भेटी कमी करतात, कारण चार्ट चांगला आहे.

याला जोडूनच निरोपाचा प्रश्न येतो. थेरपिस्ट बदलतो, ठरलेली सत्रं संपतात, वयाची अट ओलांडली म्हणून लहानांच्या विभागातून मोठ्यांच्या विभागात धाडतात. दर वेळी पहिल्यापासून सगळी कथा. आणि बरं वाटायला लागलं की भेटी संपतात, म्हणजे बरं होणं आणि एकटं पडणं यांची मनात गाठ बसते. इंग्लंडमधल्या नाइस या संस्थेनं 2009मध्ये बीपीडीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात तीन महिन्यांहून कमी मुदतीची थेरपी देऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे, आणि उपचार संपवताना ते आधीपासून, टप्प्याटप्प्यानं संपवावेत असंही.

एका टेबलावर दोन वह्या

मार्शा लिनेहन यांनी तयार केलेल्या उपचाराचं नाव डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, सगळे डीबीटी म्हणतात. पहिली मोठी चाचणी 1991मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्याला थेरपिस्टबरोबर एक सत्र, आठवड्याला एक गटवर्ग, मधल्या काळात अडलं तर थेरपिस्टला फोन, आणि थेरपिस्टांची स्वतःची एक बैठक, कारण हे काम एकट्यानं केलं तर माणूस थकतो. फोनचा नियम मोठा विचारपूर्वक केला आहे. स्वतःला इजा करण्याच्या आधी फोन केला तर बोलायचं. केल्यानंतर चोवीस तास सल्ल्याचा फोन नाही, जीव वाचवण्यापुरतं सोडून. मदत टोकाला जाण्याआधी मिळते, हे शरीराला शिकवायचं असतं.

डायलेक्टिकल म्हणजे दोन विरुद्ध गोष्टी एकत्र धरणं. तू आत्ता जशी आहेस ते समजण्यासारखं आहे, आणि हे बदलायला हवं. नुसतं पहिलं म्हटलं तर काही हलत नाही. नुसतं दुसरं म्हटलं तर तिला पुन्हा तेच घर आठवतं.

2011मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, लिनेहन यांनी जाहीरपणे सांगितलं की सतराव्या वर्षी त्या स्वतः मनोरुग्णालयात भरती होत्या आणि स्वतःला इजा करत होत्या. हे त्यांनी सांगितलं त्याच रुग्णालयात, अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये.

आता आपली ती रात्र डीबीटीच्या सत्रात कशी उलगडतात ते पाहू. याला साखळी तपासणं म्हणतात. थेरपिस्ट खाण्यापासून सुरू करत नाही, आणि फोनपासूनही नाही. ‘त्या दिवशी सकाळी कितीला उठलात?’ रात्री झोप चार तास. ऑफिसात कोणीतरी काहीतरी बोललं. दुपारी जेवली नाही, कारण आदल्या रात्री खाल्लं होतं. संध्याकाळी डोकं दुखत होतं. फोन. ‘उद्या बोलू.’ मनात आलं: हा जाणार. छातीत आवळल्यासारखं झालं. मग स्वयंपाकघर. पेन थांबतं ते ‘दुपारी जेवली नाही’वर. अकरा वाजता आलेल्या त्या दोन शब्दांना तोंड द्यायला तिच्याकडे रिकामं पोट आणि चार तासांची झोप होती.

आणि इथे दुसरा उपचार येऊन मिळतो. बुलिमियासाठीची जी कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी) ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी घडवली, तिची पहिली पायरी म्हणजे वेळेवर खाणं: तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा थोडं काही, आणि जाग्या वेळेत चार तासांहून मोठा उपास नाही. काल रात्री काहीही झालेलं असो, आज सकाळी नाश्ता. ऐकायला किरकोळ, करायला महाकठीण. पण ‘दुपारी जेवली नाही’ ही कडी त्यानंच तुटते.

उलट दिशेनं मात्र जपावं लागतं. डीबीटीत टोकाच्या क्षणासाठी एक युक्ती शिकवतात: चेहरा गार पाण्यात बुडवायचा. त्यानं हृदयाचे ठोके पटकन मंदावतात आणि भावनेचा जोर ओसरतो. दुसरी युक्ती, थोडा वेळ दमछाक होईल असा व्यायाम. पण उपासमारीनं जिचे ठोके आधीच मंद आहेत किंवा पोटॅशियम घसरलं आहे तिच्यासाठी पहिली धोक्याची; आणि व्यायाम हेच जिचं ‘फेडणं’ आहे तिला दुसरी शिकवणं म्हणजे आगीत तेल. हे ज्याला दोन्ही आजार माहीत आहेत त्यालाच सुचतं.

औषधांचं थोडक्यात. फक्त बीपीडीसाठी म्हणून सिद्ध झालेलं औषध नाही. बुलिमियात फ्लुओक्सेटिनचा उपयोग होतो, नैराश्यात सुरुवातीला देतात त्याच्या तिप्पट, म्हणजे रोज 60 मिलिग्रॅम. ब्युप्रोपिऑन हे नैराश्यावरचं औषध बुलिमियात आणि अ‍ॅनोरेक्सियात देत नाहीत, फिट येण्याची भीती असते. म्हणून उलट्यांचं डॉक्टरांपासून लपवून ठेवणं महागात पडू शकतं. आणि जिला जीव नकोसा होतो तिच्या घरी एकदम महिन्याच्या गोळ्या नसाव्यात.

किती बरं होतं हे? अमेरिकेत मेरी झॅनारिनी यांनी 1992पासून बीपीडी असलेल्या 290 जणांचा पाठपुरावा केला. दहा वर्षांत 93 टक्के लोकांची लक्षणं किमान दोन वर्षं निदानाच्या खाली राहिली. ज्या आजाराबद्दल ‘हा काही बरा होत नाही’ असं शिकवलं जायचं, त्याच्यासाठी हा आकडा मोठा आहे. पण लक्षणं जाऊन शिवाय नोकरी-शिक्षण आणि एक तरी घट्ट नातं, असा पूर्ण हिशेब केला तर तिथे पोचलेले निम्मेच होते. उसळणं थांबतं, आयुष्य बसवायला जास्त वेळ लागतो. खाण्याचा विकारही या वर्षांत रूपं बदलतो: उपास मागे पडतात, अनावर खाणं येतं, कधी तेही विरळ होत जातं.

काय उपयोगी पडलं असं या बायकांना विचारलं तर थेरपीचं नाव क्वचितच पहिलं येतं. एकच माणूस बराच काळ टिकला. नियमाचं कारण सांगितलं, नुसता नियम नाही. घसरल्यावर परत आले तेव्हा नवीन फॉर्म भरायला लावला नाही. तोंडावर खरं सांगितलं. आणि जेवणाबद्दल विचारणाऱ्यानं फोनबद्दलही विचारलं.

आपल्या त्या बाईकडे आता दोन वह्या आहेत. खाण्याच्या वहीत ती काय, किती वाजता, कुठे खाल्लं ते लिहिते, आणि जे खाणं हाताबाहेर गेलं वाटतं त्याच्यापुढे चांदणी काढते. दुसरी वही म्हणजे डीबीटीची रोजची कार्डं; कार्डावर त्या दिवशी ऊर्मी किती होती ते शून्य ते पाच आकड्यात, आणि तसं केलं की नाही. काही आठवड्यांनी पुन्हा एक फोन, पुन्हा ‘उद्या बोलू’. दुपारी जेवण झालेलं आहे. रात्री बाराला खाण्याच्या वहीत चांदणी पडते. कार्डावर उलटीची ऊर्मी पाच, आणि पुढच्या रकान्यात: नाही.

पहिली वही एकटी वाचली तर रात्र वाया गेली. दुसरी एकटी वाचली तर कोणी टाळ्या वाजवेल आणि खाण्याबद्दल विचारायचं राहून जाईल. मंगळवारी ती दोन्ही पिशवीत घालते, आणि या वेळी त्या एकाच टेबलावर, एकाच माणसापुढे उघडल्या जातात.

‘बारा ते साडेबारा काय केलंत?’ तो विचारतो.

‘बाथरूमच्या दाराबाहेर बसून होते,’ ती म्हणते.